सहा ऑक्टोबरला विमान पकडलं, मग भारतात रिटर्न भरायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीतल्या कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. ६ ऑक्टोबर २०२५ ला भारत सोडला. तेव्हापासून पगार जर्मन कंपनीच्या पेरोलवर, आणि एप्रिल २०२६ पासून त्यातला काही भाग पुण्यातल्या खात्यात जमा होतो. बायको आणि मुलगी कोथरूडला आईवडिलांकडे. बाणेरचा फ्लॅट दरमहा ४०,००० रुपये भाड्याने दिलेला. एचआर म्हणतं, "आता तुम्ही एनआरआय, भारतात काही भरायचं नाही." हे बरोबर का?

नाही. २०२५-२६ या वर्षासाठी तुम्ही भारताचे पूर्ण रहिवासी आहात. रिटर्न भरायचं आहे, त्यात जर्मनीतला पगार दाखवायचा आहे आणि तिथलं बँक खातंही दाखवायचं आहे. २०२६-२७ पासून चित्र बदलेल. एचआरने दोन वर्षांची उत्तरं एकात मिसळली आहेत.

इन्कम टॅक्सच्या दृष्टीने एनआरआय असणं हे व्हिसावर, पासपोर्टवर, बँकेच्या खात्यावर किंवा कंपनीच्या पत्रावर ठरत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात तुमचे पाय किती दिवस भारतात होते यावर ते ठरतं, आणि दरवर्षी नव्याने ठरतं. १९६१ च्या कायद्याचं कलम ६ सांगतं की वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर रहिवासी. दुसरी कसोटी अशी की वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल तरी रहिवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला सोडण्याच्या वर्षी या ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा आहे. डेप्युटेशन हेही नोकरीसाठी जाणंच, त्यासाठी इथला राजीनामा द्यावा लागत नाही.

आता मोजू. एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, म्हणजे ऑगस्टअखेर १५३. सप्टेंबरचे २८ दिवस धरले की १८१. म्हणजे २८ सप्टेंबर ही शेवटची सुरक्षित तारीख. २९ तारखेचा शिक्का पडला की १८२ भरले. तुमचे ६ ऑक्टोबरपर्यंत १८९ होतात. आठ दिवसांनी हुकलं.

निघण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही दिवस भारतातलेच धरावेत. येण्याचा दिवस वगळावा असे काही निकाल आहेत, पण ते अपिलात जाऊन मिळालेले. एका दिवसासाठी ती वाट धरू नये. अजून एक बारीक गोष्ट. पुणेकरांची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. संध्याकाळी सातला कॅबने निघालात, रात्री साडेअकराला इमिग्रेशन झालं आणि विमान दोन वाजता सुटलं, तर तिकिटावरची तारीख एक आणि पासपोर्टवरची आदली. हिशेब शिक्क्याचा करायचा. येताना उलटं होतं. रात्री ११.५० ला उतरून बारानंतर इमिग्रेशन झालं तर शिक्का दुसऱ्या दिवसाचा. शिक्के कधी पुसट असतात, कधी पडतच नाहीत, म्हणून बोर्डिंग पास फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

२८ सप्टेंबरलाही जो अगदी काठावर निघतो त्याची वेगळी फजिती होते. जाण्याच्या वर्षी नंतर मारलेली चक्करही याच बेरजेत येते. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. दिवाळीला १४ दिवस यायचं असतं तर १४ सप्टेंबरलाच निघायला हवं होतं. कंपन्या प्रोजेक्टच्या तारखा पाहून तिकीट काढतात, हा हिशेब कोणी करत नाही. तो कर्मचाऱ्यानेच तिकिटाआधी करायचा.

आठ दिवसांची किंमत किती, ते आकड्यांत पाहू. समजा भारतातला पगार ९ लाख, ऑक्टोबर ते मार्च जर्मनीतला पगार ३०,००० युरो, आणि सोयीसाठी युरो १०० रुपयांचा, म्हणजे ३० लाख. घरभाडं वर्षाला ४,८०,०००. त्यातून भरलेला मिळकतकर १५,००० वजा, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट १,३९,५००, म्हणजे करपात्र ३,२५,५००. स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००. नव्या पद्धतीने एकूण उत्पन्न ४१,५०,५०० आणि सेससह कर ८,५८,१५६. सरासरी दर २०.६७ टक्क्यांच्या आसपास. जर्मनीत ८,००० युरो, म्हणजे ८ लाख कर कापला असेल, तर भारतात त्याचं श्रेय मिळतं, म्हणजे ती रक्कम इथल्या करातून वजा होते. पण जर्मन पगारावर भारतात जितका कर बसतो तितक्यापुरतंच, म्हणजे सुमारे ६,२०,०००. उरलेले १ लाख ८० हजार पाण्यात. भारताला द्यायचे सुमारे २,३८,०००, त्यातून टीडीएस वजा.

हेच आकडे धरून तुम्ही नॉन-रेसिडेंट असता तर जर्मन पगार इथे मोजलाच नसता. उत्पन्न ११,५०,५०० आणि कर ५७,२५२. फरक जवळजवळ १ लाख ८० हजारांचा. आणि हीच गोष्ट दुबईला गेलेल्याची असती तर? तिथे पगारावर कर नाही, त्यामुळे श्रेय शून्य. पूर्ण ८ लाख ५८ हजार भारतात. ऑक्टोबरात दुबईला जाऊन "तिथे टॅक्स नाही" म्हणत पगार साठवणाऱ्यांना पुढच्या जुलैत धक्का बसतो तो असा.

एक पळवाट बरेच जण सुचवतात, ती म्हणजे दुहेरी कर टाळण्याचा करार. ऑक्टोबरपासून तुम्ही जर्मनीतही रहिवासी झालात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही देश तुम्हाला आपला म्हणतात. करारातलं कलम ४ मग क्रमाने विचारतं: कायमचं घर कुठे, ते दोन्हीकडे असेल तर जवळचे संबंध कुठे, तेही ठरत नसेल तर नेहमीचं राहणं कुठे, शेवटी नागरिकत्व. बाणेरचा फ्लॅट भाडेकरूकडे आहे, म्हणून तो तुमच्यासाठी उपलब्ध घर नाही असं म्हणता येईल. पण कोथरूडला बायको आणि मुलगी आहेत, तुमची खोली आहे, गुंतवणूक इथली आहे. पारडं भारताकडे झुकतं. कुटुंब सोबत गेलं असतं तर मांडणी वेगळी झाली असती. तुमच्या बाबतीत श्रेय घेणं हाच मार्ग.

"जर्मनीत १८३ दिवस झालेच नाहीत, मग तिथे कर का कापला?" असाही प्रश्न येतो. करारातली १८३ दिवसांची सवलत तीन अटी एकत्र पाळल्या तरच मिळते: दिवस कमी हवेत, पगार देणारा तिथला नको, आणि पगाराचा बोजा तिथल्या शाखेवर पडायला नको. तुम्ही जर्मन पेरोलवर आहात, दुसरी अट पहिल्या दिवशीच मोडली.

श्रेय घेण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. परदेशी कराचं श्रेय मागण्याचा फॉर्म ६७ इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तो करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपेपर्यंत, म्हणजे २०२५-२६ साठी ३१ मार्च २०२७ पर्यंत चालतो, पण रिटर्नआधी भरून टाकलेला बरा, नाहीतर प्रोसेसिंगमध्ये श्रेय नाकारून मागणीची नोटीस येते आणि मग दुरुस्तीचे अर्ज करत बसावं लागतं. रिटर्नमध्ये शेड्यूल एफएसआयमध्ये परदेशातलं उत्पन्न, शेड्यूल टीआरमध्ये तिथे भरलेला कर. दोन्हींतले आणि फॉर्म ६७ मधले आकडे रुपयाला रुपया जुळायला हवेत.

रूपांतराचा दर मनाने किंवा गुगलवरून घ्यायचा नाही. स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन ज्या दराने विकत घेते तो, तोही आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. नोव्हेंबरच्या पगाराला ३१ ऑक्टोबरचा दर, डिसेंबरच्या पगाराला ३० नोव्हेंबरचा. कर कापला गेला त्यालाही हाच नियम. सहा महिन्यांचे सहा दर, एका शीटवर मांडून ठेवा. वर्षाची सरासरी काढून लावलेला दर तपासणीत टिकत नाही.

जर्मन पगारपत्रकात कापलेल्या सगळ्या रकमा कर नसतात. पेन्शन विमा, आरोग्य विमा, बेकारी विमा या वर्गण्या आहेत, त्यांचं श्रेय मिळत नाही. फॉर्म ६७ मध्ये इन्कम टॅक्सचाच आकडा घ्यायचा. पत्रकावरचा 'एकूण कपात' हा आकडा उचलून भरणारे खूप आहेत. (जाता जाता: इथला पीएफ चालू असेल तर ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेतलं का, हे एचआरला विचारा. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे. त्या कागदाने तिथली पेन्शन वर्गणी वाचू शकते. मात्र स्थानिक करारावर, स्थानिक पेरोलवर गेलेल्याला तो बहुधा लागू होत नाही.)

दुसरी अडचण वर्षांची. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिथली कंपनी वर्षअखेरीला पगार आणि कराचं एक प्रमाणपत्र देते. तुमच्याकडे २०२५ चं, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचं आलं असेल. जानेवारी ते मार्च २०२६ चं प्रमाणपत्र २०२७ उजाडल्यावर येईल. म्हणून त्या तीन महिन्यांसाठी मासिक पगारपत्रकंच पुरावा म्हणून जोडायची. आणि तिथे तुम्ही २०२५ चं रिटर्न भरलंत की परतावा येण्याची शक्यता दाट आहे, कारण तीनच महिन्यांचा पगार असताना महिन्याची कपात मात्र वर्षभराच्या पगाराच्या हिशेबाने झालेली असते. परतावा आला तर तितकं श्रेय भारतात कमी होतं आणि इथलं रिटर्न सुधारावं लागतं. शक्य असेल तर जर्मनीतलं रिटर्न आधी उरका, इथलं नंतर भरा.

आता शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता. हा फक्त पूर्ण रहिवाशाला लागू, नॉन-रेसिडेंटला नाही. या वर्षी तुम्हाला लागू. गंमत अशी की उत्पन्न एप्रिल ते मार्च, पण हा तक्ता कॅलेंडर वर्षाचा. २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात असलेली खाती येतात. ऑक्टोबरात पगाराचं खातं उघडलंत ते तक्ता ए१ मध्ये: बँकेचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक, व्याज. जानेवारी २०२६ मध्ये उघडलेलं दुसरं खातं या तक्त्यात येत नाही. मूळ कंपनीचे शेअर आरएसयू म्हणून, म्हणजे पगाराचा भाग म्हणून मिळाले असतील तर ते ए३ मध्ये. हिंजवडी-खराडीतल्या कित्येकांनी भारत कधी सोडलाच नाही, तरी अमेरिकन ब्रोकरकडे पडलेल्या आरएसयूमुळे हा तक्ता त्यांना लागतो आणि ते आयटीआर-१ भरून मोकळे होतात.

न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. पण दंड नाही म्हणजे दाखवायचं नाही असं नव्हे. आणि लपून राहील या भ्रमात राहू नका. खातं उघडताना जर्मन बँकेने "तुम्ही कोणत्या देशाचे करनिवासी" असं विचारून पॅन लिहून घेतला असेल, तर सीआरएस या देशादेशांतल्या बँक-माहितीच्या देवाणघेवाणीतून ती आपल्या इन्कम टॅक्स खात्याकडे येते.

बायकोबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण ती पुढे तुमच्याकडे येईल. नोकरीसाठी जाणाऱ्याला मिळणारी १८२ दिवसांची मुभा सोबत जाणाऱ्या जोडीदाराला मिळत नाही. ती नोकरीसाठी जात नाही. ती समजा १५ जूनला गेली तर त्या वर्षात भारतात ७६ दिवस झाले, आधीच्या चार वर्षांत ३६५ हून कितीतरी जास्त. ती त्या वर्षी पूर्ण रहिवासीच. एकाच घरातले दोघे, एकाच विमानाने गेले तरी एक नॉन-रेसिडेंट आणि एक रेसिडेंट. तिच्या नावावर तिकडे काही नसेल तर फरक पडत नाही. पण तिकडच्या बचत खात्यात तिचं नाव जोडलंत की तिचाही शेड्यूल एफए आला.

२०२६-२७ पासून तुम्ही वर्षभर बाहेर. गणपतीला आणि दिवाळीला येऊन जाल. परदेशात राहून भेटीला येणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांपर्यंत मुभा आहे, मात्र भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते. हे १५ लाख मोजताना परदेशात कमावलेलं धरत नाहीत, तुमचं भाडं आणि व्याज मिळून तिथवर पोहोचत नाही. तेव्हा २०२६-२७ ला तुम्ही नॉन-रेसिडेंट, जर्मन पगार इथे करपात्र नाही, शेड्यूल एफए नाही.

पण पुण्यातल्या खात्यात येणारा पगाराचा भाग? इथे गाठ बसते. नॉन-रेसिडेंटला भारतात कमावलेलं उत्पन्न तर करपात्र असतंच, पण भारतात पहिल्यांदा हाती पडलेलंही असतं. काम जर्मनीत, पैसे थेट पुण्यात, म्हणजे 'भारतात प्राप्त' असं अधिकारी म्हणू शकतो. कंपनीची पेरोल यंत्रणा तर सरळ टीडीएस कापून मोकळी होते. करारानुसार जर्मनीच्या रहिवाशाने जर्मनीत केलेल्या कामाचा पगार जर्मनीतच करपात्र, पण तो फायदा घ्यायचा तर जर्मन कर कार्यालयाचं रहिवास प्रमाणपत्र आणि पोर्टलवर भरलेला करार-लाभाचा फॉर्म (जुन्या कायद्यात १०एफ) दोन्ही लागतात. सोपा उपाय म्हणजे पूर्ण पगार जर्मन खात्यात घ्या आणि तिथून तुम्ही स्वतः पुण्याला पाठवा. एकदा बाहेर हातात पडलेला पैसा इथे आणला तर ते उत्पन्न नव्हे, निव्वळ पैशांची हलवाहलव. हे वर्ष सुरू होऊन गेलं असेल तरी उरलेल्या महिन्यांसाठी एचआरला आजच मेल टाका.

भाड्याचं. मालक नॉन-रेसिडेंट झाला की भाडेकरूची जबाबदारी बदलते. रहिवासी मालकाला दरमहा ५०,००० च्या आत भाडं असेल तर भाडेकरू काही कापत नाही. नॉन-रेसिडेंट मालकाला किमान मर्यादाच नाही. पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के. ४०,००० वर १२,४८० महिन्याला, वर्षाला १,४९,७६०. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागतो, दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं. हे ऐकलं की बरेच भाडेकरू घर सोडतात किंवा काहीच कापत नाहीत. न कापल्यास थकबाकी आणि व्याज त्यांच्यावर येतं, तुमच्यावर नाही. पण भाडेकराराच्या वेळी एजंटने हे सांगितलेलं नसतं आणि भांडण तुमच्याशी होतं. तुमचं करपात्र भाडं ३,२५,५००, सध्याच्या ४ लाखांच्या मर्यादेच्या आत, म्हणजे प्रत्यक्ष कर शून्य. त्यामुळे कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी काढा, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. नाहीतर रिटर्न भरून दीड लाख परत मागायचे आणि वाट पाहायची. बाकी उत्पन्न वाढलं तर लक्षात ठेवा, १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणतात ती ८७ए ची सवलत नॉन-रेसिडेंटला नाही.

जाता जाता महापालिकेचं. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिल्यावर राहत नाही. बिल बदललं का ते पाहा, आणि भरलेली पावती जपून ठेवा. वजावट भरलेल्या वर्षीच मिळते.

फ्लॅट विकायचा विचार आला तर ग्राहकाला आधी सांगा की विकणारा नॉन-रेसिडेंट आहे. एक टक्का टीडीएस रहिवासी विक्रेत्याचा. तुमच्या बाबतीत दीर्घ मुदतीच्या नफ्याचा १२.५ टक्के दर, वर सेस आणि लागू असेल तो अधिभार, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर ग्राहक तो संपूर्ण किमतीवर कापतो. जुन्या घराला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा पर्यायही फक्त रहिवाशांना आहे. ही प्रमाणपत्रं इंटरनॅशनल टॅक्सेशनच्या वॉर्डातून मिळतात, म्हणून पॅनचं कार्यक्षेत्र तिकडे हलवून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, इसार घेण्याच्या आधीच सुरुवात करा.

बँकेचा कायदा वेगळा आहे, तो फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा. त्यात दिवस मोजत नाहीत. नोकरीसाठी देश सोडला त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. म्हणजे ६ ऑक्टोबरपासून फेमाखाली अनिवासी आणि इन्कम टॅक्सखाली ३१ मार्चपर्यंत रहिवासी, दोन्ही एकाच वेळी खरं. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमबाह्य, ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं. बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी एनआरई. एनआरईचं व्याज करमुक्त असतं आणि ते फेमाच्या दर्जावर अवलंबून आहे, म्हणून यंदा टॅक्समध्ये रहिवासी असलात तरी ते करमुक्तच. एनआरओच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के कापते, जर्मनीचं रहिवास प्रमाणपत्र आणि तोच करार-लाभाचा फॉर्म दिलात तर करारानुसार १० टक्के. 'माझ्यावर कर बसत नाही' असा फॉर्म (जुन्या कायद्यात १५जी) भरून कपात टाळता येत नाही, तो फक्त रहिवाशांसाठी. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

यातून एक फटका हमखास बसतो. बचत खातं एनआरओ झालं की पोर्टलवरचं त्याचं व्हॅलिडेशन तुटतं, परतावा फेल होतो, आणि ते कळवणारा मेसेज बंद पडलेल्या भारतीय सिमवर जातो. पोर्टलवर खातं पुन्हा व्हॅलिडेट करा, प्रोफाइलमध्ये जर्मन नंबर आणि चालू ईमेल टाका. आधारचा ओटीपी मात्र भारतीय नंबरवरच येतो, तेव्हा ते सिम कमीत कमी रिचार्जवर जिवंत ठेवा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय करायचं. ओटीपीने जमलं नाही तर आयटीआर-व्ही या पोचपावतीवर सही करून बेंगळुरूच्या सीपीसीला टपालाने पाठवता येतं.

आखाती देशांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे की भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर आणि तिकडे कर नाही, तर दुबईचा पगार भारतात करपात्र. तसा नागरिक 'मानीव रहिवासी' होतो हे खरं, पण त्याचा दर्जा आरएनओआर, म्हणजे रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही. त्याला बाहेर कमावलेला आणि बाहेरच मिळालेला पगार इथे लागत नाही. घाबरायचं कारण नाही, फक्त रिटर्नमध्ये दर्जा बरोबर निवडा.

अमेरिकेला जाणाऱ्यांचं दुखणं उलटं आहे, तिथलं सरकार तुमच्या पुण्यातल्या गुंतवणुकीकडे पाहतं. तिथे करनिवासी झालात की भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल भरावा लागतो. भारतीय म्युच्युअल फंड तिथे पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात, प्रत्येक फंडाला फॉर्म ८६२१ आणि जाचक कर. जाण्याआधी एसआयपी थांबवून फंडांचं काय करायचं ते ठरवा. परत येणाऱ्यांनी ४०१(के), म्हणजे तिथल्या निवृत्ती खात्याच्या वाढीवरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलण्यासाठी फॉर्म १०-ईई मुदतीत भरावा.

आता तुमच्या परतीचं, कारण दुसरा खड्डा तिथे आहे. दोन वर्षं संपून तुम्ही ६ ऑक्टोबर २०२७ ला आलात तर मार्च २०२८ पर्यंत १७८ दिवस होतात. १८२ च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहाल. पण कायमचं परतणं ही 'भेट' नाही, म्हणून ६० दिवसांची कसोटी पुन्हा जिवंत होते, आणि आधीच्या चार वर्षांत तुमचे ३६५ दिवस कधीच भरलेले आहेत. म्हणजे २०२७-२८ ला रहिवासी, आणि एप्रिल ते ऑक्टोबरचा जर्मन पगार पुन्हा भारतात. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा आहे, म्हणून २ फेब्रुवारी २०२८ च्या आधी परतलात तर ६० भरतात. आधीच्या चकरांचे दिवस यात धरायचे का, यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. धरून चाला. पंधरा-वीस वर्षं बाहेर काढून येणाऱ्यांना मिळणारी आरएनओआरची दोन-तीन वर्षांची उसंत तुम्हाला नाही. त्यासाठी आधीच्या सात वर्षांत ७२९ किंवा कमी दिवस भारतात असावे लागतात, किंवा दहापैकी नऊ वर्षं नॉन-रेसिडेंट. उतरल्या वर्षापासून तुम्ही पूर्ण रहिवासी, जर्मन खातं बंद केलं नसेल तर शेड्यूल एफएसह.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. त्यात 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं, कलमांचे क्रमांक बदलले. दिवसांची गणितं तीच. २०२५-२६ चं रिटर्न जुन्या कायद्यानेच.

तेव्हा यंदाचं काम असं. आयटीआर-२ घ्या, दर्जा 'रेसिडेंट'. भारतातला फॉर्म १६, जर्मनीची सहा पगारपत्रकं, सहा टीटी रेट, ३१ डिसेंबर २०२५ चं बँक स्टेटमेंट, मिळकतकराची पावती एकत्र करा. श्रेय धरून भारताला काही द्यायचं निघालं तर सेल्फ असेसमेंट कर भरा. १५ मार्चपर्यंत ॲडव्हान्स टॅक्स भरलेला नसेल तर २३४बी आणि २३४सी चं व्याज लागेल. आधी फॉर्म ६७, मग रिटर्न, ३१ जुलैच्या आत. आणि पासपोर्टच्या शेवटच्या पानामागे एक कागद ठेवा, त्यावर दर चकरेची इमिग्रेशनची तारीख, येण्याची आणि जाण्याची, विमानात बसल्या बसल्या लिहा.